न, नाही, नव्हे, नको, नये : मराठीतील नकाराचा इतिहास

नकार दर्शवणारे शब्द आकाराने लहान असतात आणि व्याकरणाच्या पाठ्यपुस्तकात त्यांना अर्ध्या पानापेक्षा अधिक जागा क्वचितच मिळते. तरीही भाषेच्या इतिहासात सतत झिजणारे आणि म्हणूनच पुन्हा पुन्हा नव्याने घडवावे लागणारे शब्द कोणते, असा प्रश्न केला तर त्यांचे नाव अग्रभागी येईल. वाक्याचा संपूर्ण अर्थ उलटवण्याचे काम ज्या एका अक्षरावर सोपवलेले असते ते अक्षर रोजच्या बोलण्यात आघातहीन होते, शेजारच्या शब्दात मिसळून जाते आणि ऐकणाऱ्याच्या कानातून निसटू लागते. मग बोलणारा त्याला दुसऱ्या शब्दाचा आधार देतो, तो आधारच कालांतराने मुख्य शब्द होऊन बसतो आणि मूळचे अक्षर गळून पडते. डॅनिश भाषापंडित ऑटो येस्पर्सन यांनी १९१७ साली या क्रमाचे सविस्तर वर्णन केले आणि १९७९ साली स्वीडिश अभ्यासक अस्टेन डाल यांनी त्याला ‘येस्पर्सनचे चक्र’ असे नाव दिले. फ्रेंच भाषेत ‘पाऊल’ या अर्थाचा ‘पा’ हा शब्द आधी नकाराला जोर देण्यासाठी आला आणि आज बोलीतील फ्रेंचमध्ये तो एकटाच नकाराचे काम करतो, हे या चक्राचे सर्वपरिचित उदाहरण होय.

याच क्रमाचे अधिक प्राचीन आणि अधिक दीर्घ उदाहरण ग्रीक भाषेने पुरवले आहे. होमरच्या काळापासून ग्रीकमध्ये दोन नकार होते : वस्तुस्थिती नाकारणारा ‘ऊ’ आणि इच्छा, आज्ञा, शंका, अट अशा अजून न घडलेल्या गोष्टींच्या क्षेत्रातला ‘मे’. यांपैकी ‘मे’ मोठ्या निष्ठेने टिकला आणि आजच्या ग्रीकमध्ये ‘मिन’ या रूपाने तेच काम करतो आहे. ‘ऊ’ची कहाणी निराळी आहे. ‘एकही नव्हे’, म्हणजेच ‘काहीच नाही’, अशा अर्थाचा ‘ऊदेन’ हा जोड शब्द आधी जोरदार नकारासाठी वापरला गेला, वापराने त्याचा जोर ओसरला, मध्ययुगात त्याचा आरंभीचा स्वर गळला आणि उरलेला ‘देन’ हा आज ग्रीकचा साधा नकार आहे. ज्या ‘ऊ’मुळे ‘ऊदेन’ला नकारार्थ आला होता तो ‘ऊ’ या शब्दातून पूर्णपणे नाहीसा झाला आणि नकार मात्र राहिला, हे या इतिहासातील सर्वांत लक्षणीय सत्य आहे. अमेरिकन अभ्यासक वॉरन काउगिल यांनी १९६० साली त्याहीपुढे जाऊन असे प्रतिपादन केले की, खुद्द ‘ऊ’ हाही अशाच एका पूर्वीच्या चक्राचा अवशेष असून त्याच्या मुळाशी ‘आयुष्यात कधीही नाही’ अशा अर्थाचा शब्दसमूह आणि त्यात मूळ इंडो-युरोपीय ‘ने’ हे अव्यय होते. हे मत ग्राह्य धरले तर ग्रीक भाषेने आपला नकार दोनदा गमावला आणि दोनदा नव्याने मिळवला, असे म्हणावे लागते. (आजच्या ग्रीकमध्ये ‘ने’ याचा अर्थ ‘होय’ असा आहे, मराठी कानाला तो चकवा देणारा वाटला तरी त्याचा या जुन्या ‘ने’शी संबंध नाही.)

संस्कृतकडे वळले असता हीच द्विविध रचना समोर येते. वस्तुस्थितीसाठी ‘न’ आणि निषेधासाठी ‘मा’ ही संस्कृतातील वाटणी ग्रीकच्या ‘ऊ’ आणि ‘मे’ यांच्या वाटणीशी समांतर आहे, इतकेच नव्हे तर ‘मा’ आणि ‘मे’ हे एकाच मूळ शब्दाचे दोन वंशज आहेत. शब्दाच्या आरंभी येणारे ‘अ’ आणि ‘अन्’ हेही दोन्ही भाषांना समान असून ‘अमृत’ या शब्दाचा जुळा भाऊ ग्रीकमध्ये ‘आम्ब्रोतोस’ या रूपात सापडतो. ‘मा’ बरोबर क्रियापदाचे विशिष्ट रूप वापरावे आणि त्याच्या आरंभीचा भूतकाळदर्शक ‘अ’ गाळावा, असा नियम पाणिनीने सांगितला. वाल्मीकीच्या तोंडून निघालेला म्हणून जो श्लोक परंपरा पहिला मानते त्याचा पहिलाच शब्द ‘मा’ हा आहे. पुढे मात्र दोन्ही भाषांच्या वाटा फुटल्या. ग्रीकने ‘मे’ राखला आणि ‘ऊ’ बदलला. मराठीने ‘मा’ पूर्णपणे टाकला आणि ‘न’ राखला, पण तो अशा रीतीने राखला की आज तो स्वतंत्रपणे फार थोड्या ठिकाणी दिसतो आणि दुसऱ्या शब्दांच्या पोटात सर्वत्र आढळतो. गुजरातीत निषेधाचा ‘मा’ अजून ऐकू येतो, हे येथे नमूद करणे आवश्यक आहे, कारण शेजारच्या भाषेत जे टिकले ते मराठीत का टिकले नाही, हा प्रश्न त्यातून उभा राहतो आणि त्याचे उत्तर पुढे ‘नको’च्या विवेचनात मिळते.

यादवकालीन मराठीत, म्हणजे तेराव्या शतकातील महानुभाव गद्यात आणि १२९० साली सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीत, ‘न’ क्रियापदाच्या आधी येतो आणि क्रियापद स्वराने सुरू होत असेल तर त्यात विरघळून जातो. उरे याचा नकार नुरे, उठे याचा नुठे, आवडे याचा नावडे, आठवे याचा नाठवे, ओळखे याचा नोळखे. व्यंजनाने सुरू होणाऱ्या काही नित्याच्या धातूंनाही हा संयोग लाभला : ‘न’ आणि ‘जाणे’ मिळून नेणे, ‘न’ आणि ‘देणे’ यांतून नेदी, ‘न’ आणि ‘लागे’ यांतून नलगे. अशा रूपांत नकार हा क्रियापदाला बाहेरून जोडलेला शब्द राहत नाही, तर क्रियापदाचेच एक अंग होतो. आजच्या मराठीत यातली बहुतेक रूपे केवळ पद्यात उरली असली तरी नावडता, नेणता, नकळत यांसारखे शब्द त्या जुन्या घडणीची साक्ष देतात आणि मानसशास्त्राच्या मराठी परिभाषेने ‘नेणीव’ हा शब्द उचलून त्या परंपरेत नवी भर घातली आहे. ‘नाथिला’, म्हणजे मुळात अस्तित्वातच नसलेला, मिथ्या, हा ज्ञानेश्वरीतील शब्द मात्र आज कोणाच्या बोलण्यात नाही. संस्कृत ‘नास्ति’ आणि प्राकृत ‘णत्थि’ यांचा वारसा मराठीत या एका शब्दापाशी संपला, गुजरातीत तोच ‘नथी’ या रूपाने रोजच्या बोलण्यात आहे.

मराठीने ‘णत्थि’च्या जागी जो शब्द स्वीकारला तो ‘नाही’. त्याच्या व्युत्पत्तीविषयी दोन मते आहेत : एका मतानुसार तो ‘न’ आणि ‘आहे’ यांचा संयोग आहे, दुसऱ्या मतानुसार तो अपभ्रंशातील ‘णाहिं’ या अव्ययापासून आला. मूळ काहीही असो, मराठीने त्याला क्रियापद मानले, याविषयी शंका घेण्यास जागा नाही, कारण त्याला पुरुष आणि वचन आहे : तो नाही, तू नाहीस, ते नाहीत. हिंदीतील ‘नहीं’ अविकारी आहे, फ्रेंचचा ‘पा’ अविकारी आहे, ग्रीकचा ‘देन’ अविकारी आहे. मराठीचा ‘नाही’ चालवला जातो. अस्तित्वाचा अभाव सांगणारे क्रियापद हळूहळू सर्वच क्रियापदांचा सामान्य नकार बनते, अशी एक दुसरी वाट भाषांच्या इतिहासात आढळते आणि विल्यम क्रॉफ्ट यांनी १९९१ साली तिचे स्वतंत्र चक्र म्हणून वर्णन केले आहे. मराठी या दुसऱ्या वाटेने गेली. ग्रीकने आपला नकार ‘काहीच नाही’ या सर्वनामातून नव्याने मिळवला, मराठीने तो ‘असणे’ या क्रियेतून मिळवला. आणि म्हणूनच मुळीच, अजिबात, तिळमात्र, काडीचेही असे जोर देणारे कितीतरी शब्द मराठीत असूनही त्यांपैकी एकालाही ‘पा’ किंवा ‘देन’ यांच्यासारखी बढती मिळाली नाही. ज्या नकाराच्या अंगी क्रियापदाचे बळ आहे त्याला आधाराची गरज भासली नाही, असे या गोष्टीचे स्पष्टीकरण करता येते.

या घडामोडीचा मराठी वाक्यावर झालेला परिणाम खोल आहे. मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येते. नकार स्वतःच क्रियापद झाला तेव्हा तोही वाक्याच्या शेवटी गेला आणि मुख्य धातूला कृदंताचे, म्हणजे धातूपासून साधलेल्या विशेषणासारख्या किंवा अव्ययासारख्या रूपाचे, दुय्यम स्थान मिळाले. त्यामुळे ‘तो जातो’ याचा नकार ‘तो जात नाही’ असा होतो, ‘तो जाईल’ याचा ‘तो जाणार नाही’ असा होतो, आणि होकारातील जातो, जाईल ही रूपे नकारात दिसतच नाहीत. होकार आणि नकार यांची बांधणी अशी वेगवेगळी असणे याला भाषाशास्त्रात असममित नकार म्हणतात. परभाषकांना मराठी शिकवताना ‘जातो नाही’ अशी चूक वारंवार का होते याचे कारण येथे आहे, आणि ‘नाही’ हा फक्त जोडायचा शब्द आहे अशी समजूत करून देणारी पाठ्यपुस्तके या चुकीला काही अंशी जबाबदार आहेत. जुना एकाकी ‘न’ टिकला तो जेथे क्रियापद पूर्ण विकारी नाही अशा जागी : न बोलता, न पाहिलेला, न खाणारा. ग्रीकमध्येही जुना ‘मे’ धातुसाधितांच्या बरोबर आजपर्यंत राहिला आहे. दोन हजार कोसांवरच्या दोन भाषांनी आपला जुना नकार त्याच कोपऱ्यात जपावा, ही गोष्ट नुसती योगायोगाची मानता येत नाही. मुख्य विधानात बदल आधी होतो आणि गौण रचनेत तो उशिरा पोहोचतो, हे त्यामागचे कारण आहे.

‘नव्हे’ हा ‘न’ आणि ‘होय’ यांचा संयोग असून जुन्या ग्रंथांत त्याचे ‘नोहे’ असेही रूप आढळते. ‘नाही’ अस्तित्व नाकारतो, ‘नव्हे’ ओळख नाकारतो : ‘घरात राम नाही’ आणि ‘हा राम नव्हे’ ही दोन वाक्ये दोन वेगळे प्रश्न निकालात काढतात. पहिल्यात एक वस्तू आहे की नाही याचा निर्णय होतो, दुसऱ्यात समोर आहे ती वस्तू कोणती याचा. तत्त्वचिंतनाच्या भाषेला हा भेद फार मोलाचा आहे आणि ब्रह्माचे वर्णन नकारांच्या मार्गाने करणाऱ्या संतांच्या मराठीत तो काटेकोरपणे पाळलेला दिसतो, कारण ‘ते हे नव्हे’ असे म्हणणाऱ्याला ‘ते नाही’ असे म्हणायचे नसते. आज ‘हे माझे घर नाही’ असे वाक्य सर्रास ऐकू येते आणि ‘नव्हे’ हा ‘इतकेच नव्हे तर’ अशा ठरावीक जागांपुरता आक्रसत चालला आहे. भूतकाळात तर हा भेद कधीच मावळला, कारण ‘नव्हता’ हे एकच रूप दोन्ही अर्थांसाठी वापरले जाते.

‘नये’ याचा प्रवास अर्थाच्या दृष्टीने सर्वांत मनोवेधक आहे. ‘न’ आणि ‘ये’, म्हणजे ‘येत नाही’, हे त्याचे उघड घटक. जुन्या मराठीत ‘बोलता न ये’ याचा अर्थ ‘बोलता येत नाही’, अर्थात शक्य नाही, असा होतो. आजच्या ‘बोलू नये’ याचा अर्थ शक्य असले तरी योग्य नाही, असा आहे. अशक्यतेपासून अनौचित्यापर्यंतचा हा प्रवास समाजमनाचाही आहे, कारण जे करणे शिष्टसंमत नाही ते करता येतच नाही, असे मानणाऱ्या समाजातच एका अर्थातून दुसरा अर्थ सहज निघतो. ‘नये’ बहुधा कोणालाही थेट उद्देशून नसतो, त्यात ‘तू’ किंवा ‘तुम्ही’ असावे लागत नाही, ही त्याची दुसरी विशेषता आहे. त्यामुळे नियम, सूचना आणि कायदा यांची भाषा त्याच्यावर उभी राहिली. पुण्याच्या पेठांतील वाड्यांच्या दारांवर ज्या पाट्या दिसतात त्यांत ‘येथे वाहने लावू नयेत’ अशी रचना अनेकदा आढळते ती याच कारणाने : ‘लावू नका’ म्हटले तर समोरच्या माणसाशी प्रत्यक्ष बोलणे होते, ‘लावू नयेत’ म्हटले तर एक सर्वमान्य नियम सांगितला जातो आणि सांगणारा माणूस त्यामागे अदृश्य राहतो.

‘नको’ने निषेधाचे जुने क्षेत्र ताब्यात घेतले आणि ‘मा’ला मराठीत जागा उरली नाही. जुन्या मराठीत ‘झणी’ किंवा ‘झणें’ असा आणखी एक शब्द ‘न जाणो’ आणि ‘नको’ या दोन्ही छटांनी येत असे; तोही मागे पडला. ‘नको’च्या व्युत्पत्तीविषयी अभ्यासकांत एकमत नाही, परंतु त्याचे वर्तन स्पष्ट आहे. तो आज्ञा नाकारतो (जाऊ नको, जाऊ नका) आणि इच्छाही नाकारतो (मला चहा नको), म्हणजे ‘हवे’ याचा तो थेट प्रतिस्पर्धी आहे. आदरार्थी किंवा अनेकवचनी ‘नका’ हे रूप दाखवते की हाही शब्द मराठीने क्रियापदाच्या रांगेत बसवला. सातारा-कोल्हापूरकडील ‘नगं’, वऱ्हाडातील ‘नोको’ आणि गोव्याच्या कोंकणीतील ‘नाका’ ही त्याची सख्खी भावंडे आहेत. विजापूर आणि गोवळकोंड्याच्या दख्खनी भाषेने तो मराठीकडून घेतला आणि हैदराबादेत ‘नक्को’ आजही रोज ऐकू येतो. याच शब्दाने मराठी समाजाच्या एका दुःखद वर्तनालाही नाव दिले. मुलगा हवा असताना झालेल्या मुलीचे नाव ‘नकुशी’ किंवा ‘नकुसा’ ठेवण्याची रीत सातारा जिल्ह्यात होती, आणि २०११ साली तेथे सार्वजनिक समारंभात २८५ मुलींना नवी नावे देण्यात आली. व्याकरणातील एक निषेध माणसाच्या अंगावर नाव म्हणून जन्मभर वागवावा लागणे, याहून कठोर वापर नकाराचा होऊ शकत नाही.

नाही, नव्हे, नको, नये या चौघांची ही वाटणी हिंदीत नाही, गुजरातीत नाही, संस्कृतातही नव्हती. ती सापडते दक्षिणेला. कन्नडमध्ये अस्तित्व नाकारणारा ‘इल्ल’ आणि ओळख नाकारणारा ‘अल्ल’ हे वेगळे आहेत. ‘बेकु’ म्हणजे हवे आणि ‘बेड’ म्हणजे नको, आणि हाच ‘बेड’ आज्ञेच्या नकारालाही लागतो, त्याचे आदरार्थी रूप ‘बेडि’ असे होते, जसे ‘नको’चे ‘नका’. सर्वांत निर्णायक पुरावा ‘बारदु’ या शब्दाचा आहे. ‘बरु’ म्हणजे येणे, ‘बारदु’ म्हणजे येत नाही, आणि ‘माडबारदु’ म्हणजे करू नये. तेलुगूतील ‘रादु’ची घडणही अशीच आहे. ‘येत नाही’ या शब्दांनी ‘करू नये’ असा अर्थ सांगण्याची कल्पना शेजारच्या भाषांत स्वतंत्रपणे सुचली असेल, असे मानणे अवघड आहे. मराठीने कन्नडचे शब्द घेतले नाहीत. ‘न’, ‘होणे’, ‘येणे’ हे सारे साहित्य आर्य कुळातले आहे. पण त्या साहित्यातून बांधलेल्या इमारतीचा आराखडा द्राविडी आहे. यादवांच्या राज्यात मराठी आणि कन्नड शिलालेख जवळजवळ नांदत होते, दोन्ही भाषा बोलणारी घरे असंख्य होती, आणि अशा द्विभाषिक घरांत शब्दांपेक्षा रचना अधिक सहजपणे एका भाषेतून दुसरीत जातात. मरी एमेनो यांनी १९५६ साली भारत हे एक भाषिक क्षेत्र आहे असा जो सिद्धांत मांडला, त्याला मराठीच्या नकाराइतका बळकट आधार क्वचितच मिळेल; आणि महाराष्ट्राच्या सांस्कृतिक घडणीत कन्नडचा वाटा किती, या वादात या चार शब्दांची साक्ष आजवर पुरेशी काढली गेली नाही, असे म्हणणे भाग आहे.

ऐकेना, सुचेना, उठेना, झेपेना या रूपांकडेही लक्ष वेधले पाहिजे. जुन्या वर्तमानकाळी रूपाला मागून ‘ना’ जोडून ती घडली आहेत, आणि कोंकणीत ‘हांव वचना’ म्हणजे ‘मी जात नाही’ अशा साध्या वर्तमानकाळासाठी हीच रचना चालते. मराठीत तिचे क्षेत्र आकुंचित झाले, पण त्या आकुंचनातून एक अपूर्व अर्थ निष्पन्न झाला : ‘तो ऐकेना’ यात नुसता नकार नाही, तर समजावण्याचे सारे प्रयत्न करून थकल्याचा भाव आहे, आणि ‘काही सुचेना’ यात प्रयत्न करणारा व अडणारा माणूस एकच आहे. त्याच रूपाला ‘सा’ जोडून ‘दिसेनासा’ होतो, ज्यात नकार ही स्थिती न राहता हळूहळू घडणारी क्रिया होते. ही छटा अन्य भाषेत एका शब्दात आणणे कठीण आहे.

शब्दाच्या आरंभी येणाऱ्या नकारांचा इतिहास तुलनेने सरळ आहे. संस्कृतचे अ, अन्, निर् यांना फारसी-अरबीतून ना, बे, गैर हे साथीदार मिळाले, त्यांच्या जोडीला ‘बिन’ रूढ झाला, आणि नाराज, बेसावध, गैरहजर, बिनविरोध असे शब्द आज कोणाला परके वाटत नाहीत. ‘गैरसमज’ या शब्दात तर अरबी आरंभ आणि मराठी शब्द एकजीव झाले आहेत. माधव जूलियन यांच्या १९२५ सालच्या फारसी-मराठी कोशात या देवघेवीचा विस्तार पाहावयास मिळतो.  

या अभ्यासाची साधने पुण्याच्या परिसरात मोठ्या प्रमाणावर निर्माण झाली. वि. का. राजवाडे यांनी ज्ञानेश्वरीच्या भाषेचे व्याकरण मांडले, मोरो केशव दामले यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ साली प्रसिद्ध झाले, झ्यूल ब्लोक यांचा मराठीच्या घडणीवरील फ्रेंच ग्रंथ वासुदेव गोपाळ परांजपे यांनी १९४१ साली मराठीत आणला, शं. गो. तुळपुळे यांनी यादवकालीन भाषेचा आणि प्राचीन कोरीव लेखांचा अभ्यास केला आणि अ‍ॅन फेल्डहाउस यांच्यासह सिद्ध केलेला त्यांचा जुन्या मराठीचा कोश १९९९ साली प्रकाशित झाला. डेक्कन कॉलेजने राज्य मराठी विकास संस्थेच्या साहाय्याने बोलींचे सर्वेक्षणही हाती घेतले. असे असूनही मराठीतील नकाराचा तेराव्या शतकापासून आजपर्यंतचा सलग इतिहास सांगणारा स्वतंत्र मराठी ग्रंथ विद्यार्थ्याच्या हाती ठेवता येईल, अशी स्थिती नाही. ग्रीक नकारावर मात्र अख्खे ग्रंथ लिहिले गेले आहेत.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. त्या दर्जाबरोबर येणारे साहाय्य केवळ उत्सवांकडे न वळवता त्यातला काही भाग अशा ग्रंथाकडे वळवावा, महानुभाव गद्य, बखरी, पेशवे दफ्तरातील पत्रे आणि आजच्या बोली यांतील नकाराची उदाहरणे कालक्रमाने एकत्र करावीत, कन्नड जाणणाऱ्या अभ्यासकांना त्या कामात बरोबरीने बसवावे, आणि शाळेच्या व्याकरणात ‘नाही’, ‘नव्हे’, ‘नको’, ‘नये’ यांना क्रियापदे म्हणून त्यांचे योग्य स्थान द्यावे. सोलापूर, सांगली, बेळगाव आणि बिदर या पट्ट्यात दोन्ही भाषा तोंडात असणारी माणसे आजही घरोघर आहेत. या कामाला त्यांच्यापासूनच आरंभ व्हावा.